संस्थेच्या सचिवाने पगार घ्यावा का, आणि किती?

प्रश्न : अंबाजोगाई परिसरात आमची संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशा दोन्ही नोंदण्या आहेत, आयकराची १२ए (करमाफीची) नोंदणीही आहे. मी संस्थापक-सचिव, पूर्णवेळ काम करते. आजवर एक रुपया घेतलेला नाही. माझे यजमान कोषाध्यक्ष आहेत. आता कार्यकारिणी मला दरमहा ६०,००० रुपये मानधन आणि मागच्या ३ वर्षांचे थकीत मानधन द्यायचे म्हणते. सीए म्हणतात, ट्रस्टीने पैसे घेतले की संस्थेची करमाफी जाते, त्यापेक्षा राजीनामा देऊन पगार घ्या. काय करावे?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : ताई, नमस्कार. पगार घेणे बेकायदा नाही आणि त्यात कमीपणाही नाही. दसरा-दिवाळीला आईबाप कोयता घेऊन फडावर निघतात, ते परत येईपर्यंत त्यांची लेकरं रात्रंदिवस तुमच्या जबाबदारीवर असतात. असे काम फुकटच व्हायला हवे, ही अपेक्षा आपल्याकडे फार खोल रुजली आहे. त्यापायी चांगली माणसे उतारवयात औषधपाण्यालाही महाग झालेली मी पाहतो.

आता कायदा. आयकर कायदा १९६१ च्या कलम १३(३) मध्ये काही व्यक्तींची यादी आहे : संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार, विश्वस्तांचे नातेवाईक. संस्थेच्या पैशाचा लाभ यांना देता येत नाही. पण पगाराबाबत कायद्याचा आक्षेप आहे तो केलेल्या कामाच्या मानाने वाजवीपेक्षा जास्त दिलेल्या रकमेला. वाजवी पगाराला मनाई नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे आकडे बदलतात, हे तत्त्व कायम आहे.

तुमच्या सीएंची भीती जुन्या तरतुदीतून आली असावी. पूर्वी असा भंग झाला की सगळ्या उत्पन्नाची करमाफी धोक्यात येई. २०२२ च्या वित्त कायद्याने झळ त्या जास्तीच्या रकमेपुरती केली. तरी ती हलकी नाही. समजा, अधिकाऱ्याने ६०,००० पैकी ४५,००० च वाजवी धरले. वर्षाचे जास्तीचे १,८०,००० झाले. त्यावर ३० टक्के कर आणि सेस मिळून ५६,१६० रुपये संस्थेने भरायचे. शिवाय पहिल्या वेळी तितकाच, म्हणजे १,८०,००० पर्यंत दंड, आणि पुढच्या एखाद्या वर्षी पुन्हा तेच आढळले तर दुप्पट. हा पैसा मुलांच्या जेवणातूनच जाणार.

राजीनाम्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. त्या यादीत विश्वस्ताबरोबर ‘मॅनेजर, मग त्याला काहीही म्हणा’ हाही आहे. उद्या ‘प्रकल्प संचालक’ झालात तरी यादीतून सुटत नाही. संस्थापक तर तुम्ही कायमच्या, आणि यजमान कार्यकारिणीत, म्हणजे विश्वस्त असल्याने नातेवाईक म्हणूनही आहातच. हाती लागेल ते ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, धर्मादाय कार्यालयात दाखल करण्याचे काम.

पहिल्यांदा संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, उघडून बघा. ‘पदाधिकाऱ्यांना कोणताही मोबदला मिळणार नाही’ असे वाक्य कितीतरी संस्थांच्या नियमावलीत छापील नमुन्यातून आलेले असते. तसे असेल तर आधी सर्वसाधारण सभेत दुरुस्ती करा, सहायक धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद करून घ्या, मगच पगार. नाहीतर आयकराच्या आधी धर्मादाय कार्यालयाची नोटीस येईल, आणि गैरवर्तन ठरले तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला पदावरूनही दूर करता येते.

वाजवी म्हणजे किती? त्याला ठरलेला आकडा नाही. अमेरिकेच्या करकायद्यात यासाठी एक चांगली रीत आहे : हितसंबंध नसलेल्यांनी निर्णय घ्यायचा, तशाच कामाचे इतरत्रचे पगार समोर ठेवायचे आणि ठरवतानाच कारणे लिहून ठेवायची. आपल्याकडे ही सक्ती नाही, तरी तुम्ही तंतोतंत हेच करा. बीड-लातूरच्या दोन-चार संस्थांतल्या व्यवस्थापकांचे, वसतिगृह अधीक्षकांचे पगार लेखी मिळवा. तुमचे शिक्षण, अनुभव, कामाचे तास प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) येऊ द्या. हा विषय निघाला की तुम्ही आणि यजमान दोघांनी सभेतून उठून बाहेर जा, आणि तशी नोंद करायला सांगा. तुमच्या पगाराच्या चेकवर यजमानांची सही नको, दुसऱ्या अधिकृत पदाधिकाऱ्याची घ्या.

संस्थेचे उत्पन्न तुम्ही कळवलेले नाही. ते वर्षाला २० लाख असेल तर ७,२०,००० म्हणजे ३६ टक्के झाले. तसे असेल तर मी ६०,००० चा ठराव करू देणार नाही. परदेशी देणगी येत असेल तर आणखी एक अट : कार्यकारिणी सदस्याचा पगार प्रशासकीय खर्चात धरला जातो आणि त्या खर्चाला त्या देणगीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे.

थकीत मानधनाला माझे स्पष्ट नाही. ती ३ वर्षे तुम्ही विनामोबदला काम केले, तेव्हा ठराव नव्हता. आज दिलेली रक्कम बक्षीस ठरेल, आणि बक्षीस वाजवी कसे ठरवणार? कुणी मागच्या तारखेचा ठराव लिहू म्हणाले तर तिथेच थांबवा, तो थेट खोटा दस्तऐवज होतो.

तुमचा स्वतःचा कर ही यातली सर्वांत सोपी गोष्ट. पगार म्हणा की मानधन, रक्कम करपात्रच. पण दुसरे उत्पन्न नसेल तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७,२०,००० वर रिबेटमुळे कर शून्य येतो, रिटर्न मात्र भरावेच लागेल. पैसे बँकेतूनच घ्या, १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च संस्थेला करमाफीसाठी धरता येत नाही.

सभेची नोटीस काढण्याआधी घटनेची प्रत आणि मागच्या ३ वर्षांचे ऑडिट पाठवा. ठरावाचा मसुदा ते पाहूनच करू.