घरी बांधलेली १२ फुटी प्लायवूडची मोटरबोट १६ फूट कशी करावी?

तुमच्या प्रश्नात माप आलंय ते बरं झालं: बोट १२ फूट, वरची रुंदी साडेचार फूट, तळ सपाट, ९ मिमी प्लाय, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून टांगायचं इंजिन), आणि फिरते उजनी धरणाच्या फुगवट्यात करमाळ्याच्या बाजूने. मधोमध कापून चार फुटांचा तुकडा घालू का, असं विचारलंय.

मधोमध कापू नका. जिथे दोन्ही बाजू एकमेकींना समांतर जातात तिथेच मधला तुकडा बसतो. एवढ्या छोट्या बोटीच्या बाजू टोकापासून मागपर्यंत वळतच गेलेल्या असतात. सरळ तुकडा घातला की दोन्ही जोडांवर खांदा, म्हणजे कोपरा पडतो, आणि बोट सर्वात जास्त वाकते तीही नेमकी मध्यावरच. वाढवायची तर मागून वाढवा. तीही चार नाही, तीन फूट. साडेचार फूट रुंदीवर १६ फूट लांबी म्हणजे पन्हळ होते.

आधी हिशेब. तळाची रुंदी १.१ मीटर धरली तर तीन फुटांनी साधारण १ चौरस मीटर तळ वाढतो. म्हणजे नवा भाग १ सेंटिमीटर बुडाला की १० किलो उचलतो. १५ सेंटिमीटर बुडाला तर १५० किलो, त्यातले ३० किलो त्या बांधकामाचंच वजन. हाती लागले १२० किलो. सावकाश चालीत वेगही थोडा वाढेल. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) म्हणजे फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाची १.३४ पट. त्या हिशेबाने १२ फुटाला ताशी ८.६ किलोमीटर, १५ फुटाला ९.६.

कलंडण्याचं गणित मात्र निराळं आहे. स्थैर्य लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतं, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. लांबी २५ टक्के वाढवली तर स्थैर्य २५ टक्केच वाढतं; नुसती रुंदी १० टक्के वाढली तरी ३३ टक्के. म्हणून लांबी घ्या ती जाळी, क्रेट आणि इंधनाचे कॅन सुटसुटीत ठेवायला. चार माणसं जास्त बसवायला घेणार असाल तर हे काम सोडा आणि पाच फूट रुंदीची नवी बोट बांधा, इंजिन जुनंच लावा. २१ मे २०२४ ला कुगाव–कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते याच पाण्यात. वळवाचा वारा तिथे किती मोकळा सुटतो हे तुम्हाला सांगायला नको.

सामान फार लागत नाही. आयएस ७१० शिक्क्याचा ९ मिमी मरीन प्लाय, ८×४ ची एक शीट: तळ आणि दोन्ही बाजू त्यातच निघतात. वरच्या पापुद्र्याचे रेषे बोटीच्या लांबीत ठेवा. मागच्या फळीसाठी १८ मिमी प्लाय. ३०० ग्रॅमचं विणलेलं ग्लास कापड, हार्डनरसह ६ किलो इपॉक्सी, लाकडाचा बारीक भुसा, ४०×२५ मिमीच्या पट्ट्या आणि स्टेनलेस स्क्रू. पट्ट्या सागवानाच्या असतील तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, सागाचं तेल चिकट धरू देत नाही.

दुकानदार स्वस्त म्हणून पॉलिस्टर रेझिन आणि तुटक काचतंतूंची चटई देईल, घेऊ नका. पॉलिस्टर लाकडाला धड धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत सालीसारखं सुटतं. शिवाय त्या चटईचे तंतू धरणारा बांध पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. तुमच्या बोटीवर आधीच पॉलिस्टर फायबर असेल तर ते घासून त्यावर इपॉक्सी चालतं. उलटं मात्र चालत नाही.

बोट पालथी करून लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) लेव्हलमध्ये ठेवा आणि दोन आठवडे सावलीत वाळू द्या. मागची फळी आणि तिच्याजवळचा तळ हातोडीच्या दांड्याने ठोका. बदबद आवाज आला की टोच्या लावून बघा. प्लाय कुजका निघाला तर घट्ट प्लाय लागेपर्यंत पुढे कापत जा. नव्याचा जोड कुजक्याला देण्यात अर्थ नाही.

जोड तिरपा हवा, १ ला ८ या उताराने. म्हणजे ९ मिमी प्लायला ७२ मिमीचा उतार. जुन्या तळाला तो बाहेरून रंध्याने काढा, नव्या तुकड्याला आतून, म्हणजे नवा जुन्यावर बाहेरून बसतो. तळाचा आणि बाजूंचा जोड एकाच रेषेत घेऊ नका. बाजूचा जोड किमान ३० सेंटिमीटर पुढे सरकवा. जुनी मागची फळी सुरुवातीला काढू नका, तीच आकार धरून ठेवते. नवा भाग पक्का झाला की तिचं मधलं लाकूड कापा आणि कडेने १० सेंटिमीटरची चौकट राहू द्या. तिला खाचा पाडून आतल्या लांब पट्ट्या सलग न्या, जुन्या भागात किमान ६० सेंटिमीटर पुढपर्यंत. या पट्ट्या जोडापाशीच संपवल्या तर बोट तिथेच बिजागरीसारखी हलते आणि पहिल्या मोसमात केसाएवढी भेग दिसते.

तळाची सरळ रेष हा या कामाचा जीव आहे. गवंडी प्लास्टरला वापरतात तशी ८ फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जुन्या तळावर ठेवून नव्यापर्यंत न्या. शेवटची कड पाण्याकडे ३ मिमी जरी झुकली तरी वेगात पुढचं टोक दाबलं जातं. उलट वर उचलली गेली तर बोट घोड्यासारखी उड्या मारते. जोडात भरलेला इपॉक्सी-भुशाचा लगदा सुकायच्या आत तपासा, नंतर पुट्टीने झाकून भागत नाही.

कापड जोडावर तीन थर, खालचा १० सेंटिमीटर, मग १५, मग २०. सोलापुरात ताणा-बाणा समजावून सांगायची गरज नाही: सपाट जोडावर ताणा (कापडाचे लांबीतले धागे) जोडाला आडवा पडला पाहिजे, आणि तळ-बाजूच्या कोपऱ्यावर कापड ४५ अंशात तिरपं कापून लावा, नाहीतर ते कोपऱ्यावर बसत नाही, उठतं.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये (उपयुक्त साठ्याच्याही खाली) जातं, बोट बाहेर असते, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच होतं. इथे इपॉक्सी घात करतं. ४० अंशाला मगमधलं ३०० ग्रॅम मिश्रण काही मिनिटांत धुमसायला लागतं. एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पहिला थर संध्याकाळी लावा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि थरात बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड थंड होताना तेच रेझिन आत ओढून घेतं. प्रमाण वजनकाट्यावर, डब्यावर लिहिलंय तेच. हार्डनर जास्त घातलं म्हणून लवकर वाळत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. ही सवय पॉलिस्टरवाल्यांची.

नवी मागची फळी दोन १८ मिमी प्लाय चिकटवून ३६ मिमीची करा. इंजिनचा पाय आखूड (शॉर्ट शाफ्ट) असेल तर इंजिनच्या जागी उंची १५ इंच, लाँगला २०. उभ्या रेषेपासून १२ ते १४ अंश मागे झुकलेली ठेवा आणि तळाशी दोन गुडघे (त्रिकोणी आधार) द्या. इंजिनसाठी फळीत घेतलेला कट काठापेक्षा खाली येतो म्हणून त्याच्या पुढे आडवी भिंत घालून बाहेर निचरा होणारी छोटी कुंडी करा, नाहीतर अचानक थ्रॉटल सोडला की मागची लाट आत येते.

इंजिन तीन फूट मागे गेलं, टिलर (इंजिनलाच असलेला वळवायचा दांडा) असेल तर चालवणाराही गेला. पेट्रोलची टाकी पुढे घ्या, टिलरला लांब दांडा लावा.

बुडलेली बोट तरंगायला हवी. दोन्ही बाकांखाली, बाजूंना लागून, तळाला न टेकवता उंचावर, २० लिटरचे घट्ट झाकणबंद आठ कॅन पट्ट्यांनी आवळा. १६० लिटर म्हणजे १६० किलो उचल. थर्माकोल घालू नका, सांडलेल्या पेट्रोलने विरघळतो.

इंजिन चढवण्याआधी सात दिवस मुरू द्या. मग गुडघाभर पाण्यात वाळूची पोती भरून पूर्ण वजनाला बघा. काठ पाण्यापासून कुठेही १२ इंचांपेक्षा कमी राहिला तर तेवढं वजन न्यायचं नाही. नंतर पोती एका काठाला सरकवून बघा, आणि शेवटी मुद्दाम पाणी भरून ती सरळ तरंगते का तेही बघा. यांत्रिक बोटीला २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली सर्व्हे आणि नोंदणी लागते. मापं बदलली की नोंदही बदलायला हवी, म्हणून कापायच्या आधीच जुन्या मापांसकट महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या कार्यालयात विचारून घ्या.