टोमॅटोच्या खालच्या पानांवर काळे ठिपके पडलेत, करपाच आहे का? कोणतं औषध मारू?

लागवडीला ४५ दिवस झालेत, खालची पानं पिवळी पडतायत आणि कोणीतरी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारा म्हणालंय, असं तुम्ही लिहिलंय. ते राहू द्या, करप्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आधी एक पान तोडून उजेडात धरा. ठिपक्यात एकात एक गोल कडी दिसली, ओंडका कापल्यावर दिसतात तशी, आणि भोवती पिवळसर कड असली तर हा लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया बुरशीचा. हा खालूनच वर चढतो, कारण बुरशी मागच्या पिकाच्या पाल्यात, मातीत बसलेली असते आणि पाण्याचे शिंतोडे उडाले की पहिली जुनी पानंच सापडतात तिला. ठिपके बारीक, मध्ये राखाडी आणि त्यात काळी टिंबं असतील तर सेप्टोरिया, म्हणजे दुसऱ्या बुरशीचा रोग, पण उपाय जवळपास तेच.

आता सकाळी दव असताना पान उलटं करून बघा, हे चुकवू नका. खाली पांढरी लव दिसली आणि वरून उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखा मोठा चट्टा असला तर तो उशिरा येणारा करपा. ढगाळ, थंड, १५ ते २२ डिग्रीची हवा मिळाली की आठवड्याच्या आत अख्खा प्लॉट संपवतो, तिथे वाट बघायची नाही, सायमोक्झॅनिल अधिक मॅन्कोझेबसारखं जोड औषध लगेच घ्यायचं.

तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच, लवकर येणारा करपा वाटतोय. मग जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची रोगट पानं कोरड्या हवेत काढा, प्लॉटबाहेर नेऊन पुरा (बांधावर टाकून ठेवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे), बांधणी करून हवा खेळती ठेवा, पाणी ड्रिपनं द्या, वरून नको. मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं मारा. मी पहिल्या वर्षी मारून रोज ठिपके बघत बसलो, जात नाहीत म्हणून औषधच बोगस ठरवलं, अहो पण पडलेला ठिपका कधीच जात नसतो, मॅन्कोझेब फक्त नवीन पान वाचवतं, म्हणून वरचे शेंडे बघायचे. तरी वर सरकला तर ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पण सलग तेच नको, बुरशी सरावते. तोडणी चालू असेल तर फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे लेबलवरचे दिवस पाळा.

पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, मग नक्की सांगतो.