आधी दोन्ही पाय सारखे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरली, एक्स-रे साफ आला, मग सैन्यभरतीची सोळाशे मीटरची दौड साडेपाच मिनिटांत का निघत नाही, असं विचारतोस. वर ‘काका, स्पीडचा एखादा वर्कआउट द्या.’ देतो, पण तुला आवडायचा नाही.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, दिसत नाही. पाय आत वळून मुरगळला की घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा लिगामेंट ताणला जातो, आणि त्याच्याबरोबर पायाचा अंदाजही बिघडतो. पाऊल किती तिरकं पडलंय ही खबर मेंदूकडे उशिरा पोचते. दुखणं आधी जातं, अंदाज मागाहून परततो. तोवर शरीर तुला न विचारता त्या पायावर जोर कमी लावतं. तुझा वेग तिथे गळतोय. छाती ठणठणीत आहे तुझी, तिला दोष देऊ नकोस.

म्हणून आधी दोन्ही पाय सारखे, मग घड्याळ.

आज रात्रीच तपास. डोळे मिटून एका पायावर उभा राहा, मग दुसऱ्या. नंतर भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव, आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते बोटांनी मोज. मग एका पायावर टाच उचलायची, अगदी वरपर्यंत, पोटरी थकेतोवर. चांगल्या पायाने पंचवीस होतात आणि दुखऱ्याने बारा, तर उत्तर तुझ्यासमोर आहे. मला फोन करायची गरज नाही.

हेच तपासाचे प्रकार रोजचा व्यायाम म्हणून कर. टाच उचलणं एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि गुडघा वाकवला की आतल्यावर जास्त काम पडतं. पुढे जागच्या जागी एका पायावर उड्या. पाय मध्येच दगा देतो, सुटल्यासारखा वाटतो, असं असेल तर माझ्याकडे नको, आधी फिजिओथेरपिस्टकडे.

तुला घाई आहे, कळतं. साडेपाचच्या आत 60 गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत 48. त्या बारा गुणांनी झोप उडते पोरांची. माझीही भरतीपायी उडाली होती. मला कोणी थांबवलं नाही. घट्ट पट्टी बांध आणि पळ, एवढंच सांगितलं. तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत गेला आणि शेवटी वेळेनं नाही, वयाच्या अटीनं मला बाहेर काढलं. ग्वाल्हेरच्या मोरार छावणीवरून जायचं मी बरीच वर्षं टाळत असे. आता इथल्या लष्कर भागातल्या आपल्याच मंडळींत बोललं जातं, काका पोरांना फार रोखून धरतात. धरतो. दौड निघालेल्या पोरांचे पेढे मीही खाल्लेत, आणि त्यांतली बरीच रोखून धरलेलीच होती.

पाय सारखे झाले की वेग अवघड नाही. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशेची फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. आधी सरळ रेषेत शंभर-शंभर मीटर सैल पळ. वळणावर दोन्ही घोट्यांवर भार सारखा पडत नाही, म्हणून वळण नंतर. मग दोनशे मीटर एक्केचाळीस सेकंदांत, मध्ये दम खाली बसू दे. ते जमलं की चारशे. ज्या आठवड्यात वेग वाढवशील त्यात अंतर वाढवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उतरताना घोटा आखडलेला वाटला, तर आदला दिवस जास्त झाला. संध्याकाळी काय वाटलं ते मला सांगू नकोस, संध्याकाळी सगळेच शूर असतात.

आणि तो उरवाई गेट! पहाटे पोरं किल्ल्याच्या चढावर पळतात, तुलाही हुरूप येतो. चढ पुढे पाहू. उतारावर मात्र पळायचं नाही, चालत यायचं, मागून कोणी हसलं तरी. दोन्ही पाय सारखे होईपर्यंत हाच नियम. तिसऱ्यांदा सांगतोय आणि तरी तू उद्या घड्याळ लावूनच पळशील, हेही मला ठाऊक आहे.

रविवारी घरी ये. नवे बूट घेऊ नकोस इतक्यात, जुनेच आण. डावा कुठे झिजलाय आणि उजवा कुठे, ते शेजारी ठेवून बघायचंय.

तुझा,
काका