मुलीला इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय आणि घरात कांदा आहे

नमस्कार दादा, पत्र मिळालं. निफाड तालुक्यात शेती, मुलगी बारावी आर्ट्सला, तिला इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय आणि तुमचा सवाल एकच, की दुसऱ्या देशांच्या उठाठेवी करून पोट भरतं का. भरतं, पण सगळ्यांचं नाही, त्याच्यावर येतोच. आधी हे बघा की हा विषय तुमच्या कांदाचाळीपर्यंत कधीच येऊन पोचलाय.

डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी तुम्ही काही विसरला नसाल. पण बंदी चालू असतानाच बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला सरकारने परवानगी दिली होती, कारण तिथल्या सरकारांनी मागितला होता. म्हणजे व्यापाऱ्याला गेट बंद, मित्रदेशाला उघडं, तेही एनसीईएल या सहकारी संस्थेमार्फत. त्याआधी २०१९ ला अशीच बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या आणि भर कार्यक्रमात हसत हसत हिंदीत बोलल्या की कुकला सांगितलंय, जेवणात कांदा टाकू नको. हसत बोलल्या, पण टोमणा बसायचा तिथे बसला. आता इथल्या ग्राहकाला स्वस्त कांदा, तुम्हाला भाव आणि शेजाऱ्याची मर्जी, तिन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. माझं मत विचाराल तर त्यात शेतकऱ्याचाच नंबर शेवटी लागतो.

मदतीचंही तसंच, तो काही दानधर्म नसतो. २०२२ ला श्रीलंकेत पेट्रोलला रांगा लागल्या, औषधं संपली, तेव्हा भारताने साधारण ४ अब्ज डॉलरचा आधार दिला, पण त्यात बराचसा भाग उधारीचा, इंधनासाठी एक्झिम बँकेची (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) क्रेडिट लाइन, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंतची उधारी, अन्न-औषधांसाठी स्टेट बँकेची. मग जानेवारी २०२३ मधे आयएमएफला, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला, श्रीलंकेच्या कर्ज-फेररचनेची हमी देणारा पहिला देशही भारतच. त्याच श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ ला ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलंय, तिथे चीनचा जोर आणखी वाढू नये म्हणून एवढी धावपळ.

आता नोकरीचं. ती एक्झिम बँक मुंबईत कफ परेडला आहे, तिथे लागतात ती इकॉनॉमिक्स आणि फायनान्सची माणसं, टीव्हीवर युद्धाचे नकाशे दाखवणारी नाही. त्यामुळे नुसतं पॉलिटिकल सायन्स नको, बीएला इकॉनॉमिक्स सोबत ठेवा, गणिताला घाबरत असेल तरी ठेवा. दुसरं म्हणजे परकीय भाषा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात, बीए करता करता एक भाषा नीट होते आणि उद्या बाकी काही जमलं नाही तर त्या भाषेवरच नोकरी मिळते (हे मी सगळ्यांना सांगतो, ऐकतात थोडेच). पुढे एमएला दिल्लीचं जेएनयू विद्यापीठ, आणि व्यापाराकडे ओढा असेल तर आयआयएफटी या परदेश-व्यापार शिकवणाऱ्या संस्थेचं एमबीए.

आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, करायचंच असेल तर यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे याच सेवेत होते, तेव्हा गावचं पोर म्हणून काही अडत नाही. पण आयएफएसच्या जागा वर्षाला पन्नासच्या आसपास, कधी त्याहूनही कमी आणि बसणारे लाखो. म्हणून बारावीनंतर लगेच क्लासच्या फीसाठी कर्ज काढू नका, आधी बीए होऊ दे.

आणि तिला एक काम द्या, डीजीएफटी, म्हणजे परदेश-व्यापाराचे नियम काढणारं केंद्राचं खातं, त्याच्या साइटवर कांदा-निर्यातीच्या जुन्या नोटिफिकेशन असतात, त्या वाचून तुम्हाला मराठीत समजावून सांगायच्या. दोन-तीन वाचून कंटाळली तर मला कळवा, मग दुसरं काहीतरी बघू.