वांग्याची मर आणि चैत्र-वैशाखाचे ऊन

प्रश्न : आमच्या मळ्यात वांग्याची झाडे फुलावर येताच हिरवीगार असतानाच माना टाकतात. रासायनिक औषध न वापरता काय करावे? – एक वाचिका, पेडणे

उत्तर : ताई, आधी खात्री करा. बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापावरून दुधासारखी धार खाली उतरली, तर ती जिवाणूची मर. तिच्यासाठी फवारणीवर पैसे घालवूच नका.

हा जिवाणू मातीत असतो, तो तापवून मारायला एप्रिल-मेमधले ऊन कामाला लावा. ढेकळे फोडा, शेणखत आणि कोबीचा चिरलेला पाला मातीत मिसळा, भरपूर पाणी द्या. वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद मातीला चिकटेल असा ताणून कडा गाडा. काळा नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. ४ ते ६ आठवडे कागद हलवू नका. वळवाचे पाणी साचले तर तेवढे लोटून द्या.

ट्रायकोडर्मा (मातीत मिसळायची उपयुक्त बुरशी) आणि निंबोळी पेंड कागद काढल्यावरच. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तेव्हा परीक्षण करून चुना घाला. खोलवरचा जिवाणू उरतोच, म्हणून त्या वाफ्यात टोमॅटो-मिरचीही नको. पुढच्या हंगामात मका घ्या. आणि शेजारच्या रोगट वाफ्यातून पाट येत असेल, तर तो आधी वळवा.