सिग्नेचर गिटार: राखीव निधी मोडण्याआधी

नमस्कार.

तुम्ही पत्रात आकडे मोकळेपणाने दिले आहेत, म्हणून उत्तरही आकड्यांवरच बेतून देतो. तुमचे वय ३६ आहे, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, मुलगी चार वर्षांची आहे आणि गेली बारा वर्षे तुम्ही मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवता. आता तुम्हाला तीन वाद्ये घ्यायची आहेत: 'रश' या रॉक बँडचे बेसवादक गेडी ली यांच्या नावाची फेंडर कंपनीची जॅझ बेस, एका नामवंत वादकाच्या झिजलेल्या गिटारची मर्यादित संख्येत निघालेली हुबेहूब प्रतिकृती आणि नव्वदच्या दशकातले, आता उत्पादन बंद झालेले एक सिग्नेचर (म्हणजे कलाकाराच्या नावाने काढलेले) मॉडेल. तिन्हींची किंमत मिळून तुमच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होते. त्यातली निम्मी रक्कम राखीव निधीतून काढायची आणि उरलेली दोन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची, असा तुमचा बेत आहे. 'या वस्तूंची किंमत वाढतच जाते, तेव्हा हा खर्च नसून गुंतवणूक आहे,' असे तुम्ही लिहिले आहे आणि त्यावर माझे मत विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. बेस जरूर घ्या, मात्र राखीव निधीला हात न लावता आणि हप्ते न करता घ्या. दुसरे आणि तिसरे वाद्य निदान आज तरी घेऊ नका. असे का म्हणतो, ते आता मांडतो.

तुमच्या मनात लिलावांचे आकडे आहेत, हे पत्रावरून दिसतेच. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावसंस्थेत 'पिंक फ्लॉइड' बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांच्या १२० हून अधिक गिटार विकल्या गेल्या आणि त्यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर या फेंडर गिटारला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. लिलावापूर्वीचा अंदाज एक ते दीड लाख डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी 'निर्वाणा' बँडचे कर्ट कोबेन यांनी १९९३ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मैफिलीत वाजवलेली १९५९ सालची मार्टिन गिटार ६० लाख डॉलरच्या वर गेली. हे आकडे खरे आहेत, पण तुम्ही जे विकत घेणार आहात त्याच्याशी त्यांचा संबंध फार थोडा आहे. लिलावात किंमत आली ती त्या एकाच लाकडाला, ज्यावर त्या माणसाचा हात वर्षानुवर्षे फिरला होता. त्याच काळ्या गिटारची प्रतिकृती फेंडरने २००८ पासून बाजारात आणली होती. तिच्यातही काळा रंग होता, आखूड केलेला ट्रेमोलोचा (सूर थरथरवण्याचा) दांडा होता, सगळे तपशील जुळवलेले होते. कंपनी ते तपशील पुन्हा घडवू शकते, तो इतिहास मात्र तिला घडवता येत नाही. कलाकाराने स्वतः वाजवलेले वाद्य, त्याची कारखान्यात केलेली प्रतिकृती, त्याच्या नावाचे नेहमीच्या उत्पादनातले मॉडेल आणि ज्याच्या पिकगार्डवर (दर्शनी भागावरच्या संरक्षक पट्टीवर) त्याने कार्यक्रमानंतर पेनाने सही करून दिली आहे असे कोणतेही साधे वाद्य, या चार वस्तू बाजाराच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या आहेत. पत्रात तुम्ही पहिल्या प्रकाराची किंमतवाढ दाखवून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांची खरेदी समर्थनीय ठरवत आहात, आणि तुमच्या हिशेबातली मूळ चूक हीच आहे.

तुमचा दुसरा आधार म्हणजे मर्यादित संख्या. 'इतकेच नग निघाले आहेत,' हे वाक्य ऐकले की कोणाचेही मन पाघळते, म्हणून या मुद्द्यावर थोडा थांबतो. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली. सिग्नेचर इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध नाव आजही तेच आहे. त्यातली १९५८ ते १९६० या काळातली सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) रंगाची गिटार आज संग्राहकांच्या यादीत अग्रस्थानी आहे. पण ती दुर्मीळ का झाली? तेव्हा ती पुरेशी खपत नव्हती म्हणून. कंपनीने १९६१ मध्ये तिचा आकारच बदलून टाकला. पुढे साठच्या दशकाच्या मध्यावर एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स, माइक ब्लूमफील्ड यांच्यासारख्या वादकांनी त्या जुन्या गिटार उचलल्या, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून लोकांच्या कानी पडला, मागणी वाढली आणि १९६८ मध्ये कंपनीला जुना आकार परत आणावा लागला. मधल्या काळात कोणीही ती गिटार जपून ठेवावी म्हणून घेतली नव्हती. लोकांनी ती वाजवली, तिचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) बदलले, तिला पुन्हा रंग दिला, काहींनी ती मोडलीसुद्धा. म्हणून मूळ स्थितीत उरलेल्या नगांना मोल आले.

आजच्या मर्यादित आवृत्तीचे नेमके उलटे असते. फेंडरने २००७ मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' गिटारच्या ३०० प्रतिकृती प्रत्येकी २५ हजार डॉलरना काढल्या. मूळ गिटार एडी यांनी ५० डॉलरचा सांगाडा आणि ८० डॉलरची नेक (तारा जिच्यावरून जातात ती लांब दांडी) जोडून स्वतःच्या हाताने तयार केली होती. प्रतिकृती घेणाऱ्या प्रत्येकाला आपण संग्रहणीय वस्तू घेत आहोत याची पूर्ण जाणीव असते, त्यामुळे अशा आवृत्तीचे बहुतेक नग प्रमाणपत्रासह, केससह आणि खोक्यासह सुरक्षित राहतात आणि पुढे तशाच उत्तम स्थितीत एकमेकांशी स्पर्धा करत विक्रीला येतात. शिवाय भविष्यात होऊ शकणाऱ्या वाढीचा बराच भाग विक्रेत्याने पहिल्या किमतीतच वसूल केलेला असतो. अशा वस्तूची किंमत वाढतच नाही असे माझे म्हणणे नाही. काही मॉडेलांची वाढली आहे. पण कोणत्या मॉडेलची वाढेल हे आधी ओळखण्याची युक्ती माझ्याकडे नाही, आणि ज्याच्या घरात सहा महिन्यांचाच राखीव निधी आहे त्याने असा डाव लावू नये.

आता हिशेब करू. समजा, प्रतिकृती १०० एककांना घेतली आणि दहा वर्षांनी ती १५० ला विकली गेली. ऐकायला हे छान वाटते. पण विकताना दलाली, पाठवणी, पॅकिंग आणि घासाघीस यांत १५ टक्के जातात असे धरले, तर हातात १२७.५ उरतात, म्हणजे वर्षाला साधारण अडीच टक्के. विमा आणि देखभाल यांवर दरवर्षी एक एकक खर्च झाले, तर उरतात ११७.५, आणि परतावा दीड टक्क्याच्या किंचित वर राहतो. तेच १०० एकक वर्षाला ७ टक्के चक्रवाढीने वाढले असते, तर दहा वर्षांनी सुमारे १९७ झाले असते. वाद्याने त्याची बरोबरी करायची, तर देखभालीचे पैसे आणि त्यावर मिळू शकले असते ते व्याज धरता, त्याला जवळजवळ अडीचपट भावाने विकावे लागेल. यात हप्त्यांवरचे व्याज मी अजून मोजलेलेच नाही. कर्जाचा दर वाद्याच्या संभाव्य वाढीपेक्षा जास्त असेल, तर पहिल्या महिन्यापासूनच तुम्ही तोट्यात आहात. नफ्यावर कर किती लागेल तेही तुमच्या करसल्लागाराकडून आधीच समजून घ्या. आणि हे वाद्य दरमहा काही देत नाही. शेअरला लाभांश असतो, ठेवीला व्याज असते, केसमध्ये ठेवलेल्या गिटारला फक्त पुढचा ग्राहक असतो.

तो ग्राहक कसा वागतो हे मी जवळून पाहिले आहे. माझ्याकडे आर्थिक नियोजनासाठी येणाऱ्या एका गृहस्थांनी अशीच एक मर्यादित आवृत्तीतली गिटार नऊ वर्षे जपली आणि मुलाच्या शिक्षणासाठी विकायला काढली, तेव्हा त्यांनी मला सोबत बोलावले. केस उघडल्यावर लॅकरचा गोडसर वास आला. पिकगार्डवरचे प्लॅस्टिकचे पारदर्शक आवरणसुद्धा त्यांनी काढले नव्हते, आणि हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या) मागची सही काल छापल्यासारखी स्वच्छ होती. घेणाऱ्याने खिशातून छोटी बॅटरी काढली आणि सहीकडे न पाहता नेक डोळ्यासमोर धरून तिच्या कडेवरून नजर फिरवली. नऊ वर्षे ताणलेल्या तारांनी नेक पुढे वाकली होती. ब्रिजच्या स्क्रूंवर गंजाचे ठिपके होते. पाठीवर एका जागी लॅकर मऊ होऊन त्यावर काळसर चंद्रकोरीसारखा डाग उमटला होता, कारण पहिले काही महिने ती गिटार रबर लावलेल्या स्टँडवर उभी होती आणि नायट्रोसेल्युलोज लॅकरची काही प्रकारच्या रबराशी रासायनिक प्रक्रिया होते. या एकेका गोष्टीवर भाव उतरत गेला आणि व्यवहार मूळ किमतीपेक्षा थोड्या कमी रकमेवर झाला. नऊ वर्षांची महागाई धरली, तर तो मोठाच तोटा होता. त्या गृहस्थांनी ती गिटार एकदाही मनसोक्त वाजवली नव्हती, आणि मला वाईट वाटले ते त्याचेच अधिक.

तुमच्याही बेतात हा पेच आहे. 'वाजवेनही आणि जपेनही,' असे तुम्ही लिहिता. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले, कडेला टवका उडाला, पट्ट्याच्या बकलने पाठीवर ओरखडे पडले की संग्राहकाच्या लेखी वाद्य उतरते. आणि न वाजवता ठेवले तर तुमच्यासारख्या वादकाने ते घ्यावे कशाला?

तिसऱ्या, उत्पादन बंद झालेल्या मॉडेलबद्दल थोडक्यात सांगतो. 'बंद झाले' म्हणजे कायमचे बंद झाले असे नसते. कोबेन यांनी फेंडरच्या जॅग्वार आणि मस्टँग या दोन गिटारचा मेळ घालून आखलेली जॅग-स्टँग त्यांच्या मृत्यूनंतर बाजारात आली, पुढे बंद झाली, आणि २०२१ मध्ये फेंडरने ती पुन्हा काढली. ज्यांनी ती दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने घेऊन ठेवली होती, त्यांच्यासमोर एका दिवसात कोरे करकरीत नग उभे राहिले. कलाकार कंपनीही बदलतात: व्हॅन हेलन यांच्या नावाचे म्युझिक मॅन कंपनीचे मॉडेल १९९१ मध्ये आले, काही वर्षांत व्हॅन हेलन पीव्ही या कंपनीकडे गेले आणि जुनी रचना 'ॲक्सिस' या नावाने विकली जात राहिली. कधी त्याच नावाची स्वस्त आवृत्ती निघते. गायक-गिटारवादक जॉन मेयर यांची पीआरएस कंपनीने काढलेली सिल्व्हर स्काय गिटार २०१८ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिची बरीच स्वस्त एसई आवृत्ती आली. यांतला एकही निर्णय तुमच्या हातात नसतो. आणखी एक बाब अशी, की त्या गिटारची फिंगरबोर्ड (नेकवर बोटे टेकवण्याची लाकडी पट्टी) ब्राझिलियन रोझवुडची असेल, तर १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली, याला मिळाली नाही. परदेशातला ग्राहक गाठण्याची आशा असेल तर विक्रेत्याकडून लाकूड कोणते आहे ते लेखी घ्या.

बेसबद्दल मात्र मी मनापासून अनुकूल आहे. गेडी ली यांनी त्यांची १९७२ सालची जॅझ बेस अमेरिकेतल्या कालामाझू गावात गहाणवटीच्या दुकानातून २०० डॉलरना घेतली होती, आणि ती वाजवता वाजवताच तिला मोल आले. त्यांच्या नावाचे मॉडेल फेंडरने नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढले. ते वादकाच्या गरजेतून आखलेले आहे, आणि तुम्ही स्वतः तीन वेळा ते मित्राकडून मागून वाजवले आहे. अशा वाद्याला संग्राहक नव्हे, वादक ग्राहक असतात. त्यामुळे किंमत फार चढत नाही, पण विकायची वेळ आली तर घेणारा सापडतो. हा खर्च आहे आणि तो खर्च म्हणूनच करा. दर आठवड्याला तीन तास वाजणाऱ्या वाद्यावर बारा वर्षांच्या वादकाने पैसे खर्च केले, तर त्याला माझी काहीही हरकत नाही.

पैसे असे उभे करा. राखीव निधी जसाच्या तसा राहू द्या. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर बेस विकून आठवड्याभरात पैसे मिळतीलच असे नाही, आणि घाईच्या विक्रीत भाव पडतो. तुम्ही दोन वर्षे जो हप्ता भरायला तयार होतात, तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यापासून वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. तुमच्याच आकड्यांनुसार सहा-सात महिन्यांत वापरलेली, चांगल्या स्थितीतली बेस त्यातून येईल. ती आल्यावर ठेव थांबवू नका, तीच रक्कम मुलीच्या नावाने इंडेक्स फंडात वळवा. दोन वर्षांनी निधी शाबूत असेल आणि तरीही प्रतिकृतीची ओढ कायम असेल, तर शिल्लक रकमेच्या पाच टक्क्यांत बसेल एवढाच तिचा विचार करू.

वापरलेली बेस घेताना अनुक्रमांक हेडस्टॉकवर किंवा नेकवर जिथे असेल तिथून लिहून घ्या आणि कंपनीच्या नोंदीशी पडताळा. नेक उजेडात धरून पाहा, पहिल्या पाच फ्रेटवर तारांनी खाचा पाडल्या आहेत का ते नखाने चाचपा, आणि ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करणारी आतली सळई) दोन्ही बाजूंना फिरतो का ते विक्रेत्यालाच फिरवून दाखवायला सांगा. घरी आणल्यावर ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा, घरविम्यात तिची स्वतंत्र नोंद करा, आणि पावती, अनुक्रमांक व चार छायाचित्रे मला ईमेलने पाठवा, म्हणजे तुमच्या मालमत्तेच्या यादीत ती 'वापराच्या वस्तू' या रकान्यात लावून घेतो.