वाचकांचे प्रश्न : स्क्रिप्ट, क्रॉन आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट

प्रश्न : उबुंटूवर पायथनच्या एका कामासाठी मी 'व्हेन्व्ह' वापरून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या कामापुरती पायथन व त्याच्या पॅकेजेसची वेगळी जागा) तयार केले आहे. ते सुरू करणारी 'सोर्स'ची ओळ शेल स्क्रिप्टमध्ये घातली, तर स्क्रिप्ट संपल्यावर टर्मिनलमध्ये काहीच बदललेले नसते. तीच ओळ क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) टाकली, तर 'सोर्स : नॉट फाउंड' असा संदेश येतो. असे का व्हावे?

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. स्क्रिप्ट चालवली की शेल (टर्मिनलमधील कमांड चालवणारा प्रोग्राम) तिच्यासाठी नवी प्रोसेस सुरू करते आणि त्या प्रोसेसला आपल्याला जन्म देणाऱ्या शेलची व्हेरिएबल्स बदलता येत नाहीत. 'अ‍ॅक्टिव्हेट' ही एन्व्हायर्नमेंट सुरू करणारी फाइल मुख्यतः 'पाथ'च्या (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांच्या यादीच्या) आरंभी एन्व्हायर्नमेंटचे 'बिन' फोल्डर जोडते आणि प्रॉम्प्ट बदलते. हे सारे त्या प्रोसेसबरोबरच संपते. म्हणूनच ही फाइल थेट चालवायची नसून चालू शेलमध्ये वाचून घ्यायची असते. तिच्या पहिल्याच ओळीत तशी सूचना असते, पण ती फाइल उघडून पाहतो कोण!

क्रॉन मात्र टर्मिनलमधले बॅश हे शेल नव्हे, 'एसएच' वापरतो आणि उबुंटूत 2006 सालच्या 6.10 या आवृत्तीपासून 'एसएच' म्हणजे डॅश हे वेगळे शेल. डॅशला 'सोर्स' ठाऊक नाही. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकानुसार त्या जागी नुसते टिंब लिहायचे, मग एक जागा सोडून फाइलचा संपूर्ण पाथ (फोल्डरांसह पत्ता) द्यायचा.

तथापि माझे मत विचाराल, तर स्क्रिप्टमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करूच नये. ती सोय कीबोर्डसमोर बसलेल्या माणसासाठी आहे. क्रॉनच्या ओळीत एन्व्हायर्नमेंटच्या 'बिन'मधील पायथनचा संपूर्ण पाथ लिहून त्यापुढे आपल्या प्रोग्रामचे नाव द्यावे. तो पायथन सुरू होताना वरच्या फोल्डरमधील 'पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी' ही फाइल पाहतो आणि त्यावरून कोणती पॅकेजेस वापरायची ते स्वतःच ठरवतो. 2012 च्या पायथन 3.3 मध्ये 'व्हेन्व्ह' आले तेव्हापासून ही व्यवस्था आहे. अपवाद एकच : तुमचा प्रोग्राम त्याच एन्व्हायर्नमेंटमधील दुसरी एखादी कमांड नुसत्या नावाने बोलावत असेल, तर 'पाथ' बदलावाच लागतो आणि तेथे टिंबाची ओळ योग्य ठरते.

एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर मात्र दुसरीकडे हलवू नका. 'अ‍ॅक्टिव्हेट'मध्ये आणि पॅकेजेस बसवणाऱ्या 'पिप'सारख्या कमांडच्या पहिल्या ओळीत मूळ जागेचा पाथ कायमचा लिहिलेला असतो; त्यामुळे जागा बदलायची झाल्यास नवे एन्व्हायर्नमेंट तयार करून पॅकेजेस पुन्हा बसवावीत.